अमीनसाहेबांचा रोजनामचा

मागील दिवाळीत बऱ्याच वर्षांनंतर आम्ही सहकुटुंब चार दिवस बोथला राहून आलो. पहिल्याच पहाटे सवयीने जाग आली आणि पाय आपोआप बसस्थानकाकडे वळले. गाडी आली, माणसे उतरली, कोंबड्यांची एक पाटी उतरली, कोणाचे तरी औषधांचे खोके उतरले. सुतळीने बांधलेला वर्तमानपत्रांचा मोठा गठ्ठा काही आम्हांला उतरताना दिसला नाही. शेजारच्या चहावाल्याकडे चौकशी केली, तेव्हा त्याने खिशातला मोबाइल काढून दाखविला आणि म्हणाला, "पेपर इथंच येतो आता." आम्ही चहा घेतला आणि मुकाट्याने परतलो. परंतु त्या दिवशी सकाळभर मन काही जाग्यावर राहिले नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा एक गठ्ठा आणि दोन म्हातारे पोलीस सारखे डोळ्यांपुढे येत राहिले. त्यांचीच हकीकत आज वाचकांना सांगावयाची आहे.

आपल्या वाचकांपैकी ज्यांचे बालपण आदिलाबाद जिल्ह्यात गेले, त्यांना या भागाची ओळख करून देण्याचे कारण नाही. इतरांसाठी एवढे सांगितले पाहिजे की, नागपूर-हैदराबाद हमरस्ता सोडून आत वळले की बोथ लागते. अलीकडे पोचेरा आणि पलीकडे कुंतला असे दोन धबधबे, सागवानाचे रान आणि काळ्या जमिनीत कापूस, ज्वारी, तूर. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, आणि बोथ आंध्र प्रदेशात राहिले. घरात मराठी, बाजारात तेलुगू, मशिदीच्या गल्लीत दखनी उर्दू आणि दिवाळीत मोरपिसांचे टोप घालून दंडारीचे गुसाडी येत, त्यांच्या तोंडी गोंडी. तेलुगू शेजारी आम्हां मराठी लोकांना 'आरे' म्हणत. त्यात आम्हांला कधी कमीपणा वाटला नाही.

गठ्ठा आणि गल्ल्या

1973 साली आम्ही अकरा वर्षांचे होतो. आदल्या वर्षी आमच्या शेतात कापूस जवळजवळ आलाच नाही. वडिलांनी बैलजोडी विकली. आईने काही न बोलता हातातल्या पाटल्या काढून ठेवल्या. गावात वर्तमानपत्रांची एजन्सी चालविणाऱ्या गृहस्थांना एक मुलगा हवा होता. पगार महिना बारा रुपये. वडिलांनी आम्हांला विचारले, "जमेल का रे?" आम्ही हो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो.

सकाळची पहिली गाडी सातच्या आत येई. नागपूरची मराठी वृत्तपत्रे उत्तरेकडून आणि हैदराबादची उर्दू, हिंदी व इंग्रजी वृत्तपत्रे दक्षिणेकडून हमरस्त्यावरच्या फाट्यावर उतरत आणि तेथून एकाच गाडीने गावात येत. खेड्यापाड्यांसाठी आदल्या संध्याकाळीच छापलेली ती डाक आवृत्ती असे. बातमी शिळी असली तरी आमच्या गावाला ती ताजीच होती. एकंदर एकतीस अंक. 'तरुण भारत' आणि 'लोकमत' मराठी घरांत, 'सियासत' मशिदीच्या गल्लीत, 'हिंदी मिलाप' दोन मारवाडी दुकानांत, इंग्रजी एक डॉक्टरांकडे. पुढे 1975 च्या अखेरीस 'ईनाडु'ची हैदराबाद आवृत्ती निघाली आणि तेलुगू अंकांची घडी वाढली. आम्हांला तेव्हा मराठीखेरीज कोणतीच लिपी नीट वाचता येत नव्हती. उर्दू अंक उजवीकडून उघडतो, तेलुगू अक्षरे वाटोळी असतात, एवढ्या खुणेवर आम्ही अंक वाटीत असू, आणि तीन वर्षांत चूक दोनदाच झाली.

हे काम जगात किती जुने आहे, ते पुढे वाचनात आले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत निघाले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1833 मध्ये, न्यूयॉर्कच्या 'सन' या पत्राने रस्त्यावर अंक विकण्यासाठी बार्नी फ्लाहर्टी नावाचा दहा वर्षांचा मुलगा नेमला. जगातला पहिला वृत्तपत्रविक्रेता मुलगा म्हणून त्याचेच नाव सांगतात. थोर संशोधक एडिसन हा लहानपणी आगगाडीत वर्तमानपत्रे विकीत असे. आपल्याकडचे ठळक उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला आगगाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले गठ्ठे गोळा करण्यात ते आपल्या चुलतभावाला मदत करीत. त्यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात आता वृत्तपत्रविक्रेत्यांचाही दिवस म्हणून पाळला जातो. आमच्या हातून अग्निबाण काही घडले नाहीत. पण पहाटेच्या थंडीत बोटे छापाच्या शाईने काळी होतात, ती साबणाने धुऊनही दुपारपर्यंत जात नाहीत, हा अनुभव मात्र कलामसाहेबांचा आणि आमचा एकच असला पाहिजे.

दोन पेन्शनर

आमच्या वाटेवर एकाच गल्लीत समोरासमोर दोन घरे होती. एका घरात अमीनसाहेब राहत, दुसऱ्या घरात जमादारचाचा. दोघेही हैदराबाद शहर पोलिसांतून निवृत्त होऊन आपल्या मूळ गावी परतलेले. तरुण वाचकांसाठी खुलासा केला पाहिजे. निजामाच्या राज्यात फौजदाराला अमीन म्हणत, जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाला मोहतमीम म्हणत आणि राजधानीच्या पोलिसांचा मुख्य तो कोतवाल. शहराचे पोलीस आणि जिल्ह्यांचे पोलीस यांची व्यवस्था वेगळी होती. संस्थान गेले, हुद्द्यांची नावे बदलली, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जुनीच नावे राहिली. त्यामुळे आमचे अमीनसाहेब निवृत्तीनंतरही अमीनसाहेबच होते.

अमीनसाहेब मराठी होते. शहरात नातेवाइकांकडे राहून ते विवेकवर्धिनी शाळेत काही इयत्ता शिकले आणि 1939 च्या सुमारास पोलिसांत दाखल झाले. त्या काळी दरबारची आणि दफ्तराची भाषा उर्दू. घरी ज्ञानेश्वरी वाचणारा हा मनुष्य हिशेब, पत्र, टिपण सर्व काही उर्दूत लिहीत असे, कारण हाताला तेच वळण लागलेले. नोकरीच्या तेहतीस वर्षांत त्यांनी चार राजवटी पाहिल्या. आधी निजामाची, 17 सप्टेंबर 1948 नंतर जनरल चौधरींची लष्करी, मग बूर्गुल रामकृष्णरावांच्या काळचे हैदराबाद राज्य आणि 1956 पासून आंध्र प्रदेश. "चार धनी झाले, शिट्टी एकच राहिली," असे ते म्हणत.

त्यांचे दैवत म्हणजे राजाबहादूर वेंकटरामा रेड्डी. 1920 ते 1934 अशी चौदा वर्षे ते हैदराबादचे कोतवाल होते. निजामाच्या राजधानीत त्या जागेवर बसलेले ते पहिले हिंदू अधिकारी. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी 1918 साली रेड्डी वसतिगृह काढण्यात पुढाकार घेतला. अमीनसाहेबांनी त्यांच्या हाताखाली काम केले नव्हते, पण ज्यांनी केले होते त्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी ते जपून ठेवीत.

जमादारचाचा नेमके उलट. ते मोठ्याने बोलत, मोठ्याने हसत आणि कोतवालापासून शिपायापर्यंत कोणाचीच भीड ठेवीत नसत. दोघांनी एकाच ठाण्यात काही वर्षे काढली होती. रोज संध्याकाळी अमीनसाहेबांच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला जाई. निवृत्तीनंतरही चाचा ओट्याची पायरी चढताना क्षणभर टाच जुळवीत, आणि अमीनसाहेब "बसा हो आता" म्हणत. हा प्रकार आम्ही रोज पाहिला आहे.

अमीनसाहेबांची एक चाल मात्र आम्हांला विलक्षण वाटे. आम्ही अंक दिला की ते खिशातले घड्याळ पाहत आणि पुठ्ठ्याच्या वहीत काही तरी टिपून ठेवीत. मग म्हणत, "वाच." आम्ही ओट्यावर बसून 'तरुण भारता'तला अग्रलेख मोठ्याने वाचावयाचा. उच्चार चुकला की तो शब्द पुन्हा म्हणावयाचा. पंधरा मिनिटांनी एक पेला पाणी मिळे आणि सुटका होई. वहीत ते काय लिहितात, असे एकदा विचारले. म्हणाले, "रोजनामचा. ठाण्यात कोण आले, किती वाजता आले, किती वाजता गेले, ते ज्यात लिहितात तो. माझे ठाणे आता हा ओटा." आम्हांला ते म्हातारपणाचे खूळ वाटले.

फुलपात्राची गोष्ट

1974 च्या थंडीत एके सकाळी गावातल्या एका मोठ्या वाड्यातून देवघरातले चांदीचे फुलपात्र नाहीसे झाले. घरच्या वृद्ध बाईंनी पूजेला बसताना, साडेसातला, ते पाहिले होते. आठच्या आत ते जागेवर नव्हते. सकाळच्या वेळी वाड्यात बाहेरचे कोण येते? दूधवाला आणि पेपरवाला पोर. दूधवाला त्या दिवशी आला नव्हता.

दुपारी शाळेतून आम्हांला बोलावून नेले. पोलीस पटेलांच्या ओसरीवर पाचपन्नास माणसे जमली होती. आमचे वडील एका कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते. ती मान आजही डोळ्यांपुढून हलत नाही. कोणी आम्हांला मारले नाही, शिवीही दिली नाही. फक्त एक जण म्हणाला, "पोर गरिबाचे आहे, मोह झाला असेल, परत देऊ दे म्हणजे झाले." हे वाक्य सहानुभूतीचे होते आणि म्हणूनच ते जिव्हारी लागले. एजन्सीवाल्या गृहस्थांनी तेथल्या तेथे सांगितले की, उद्यापासून येऊ नकोस. बारा रुपये गेले, ते एक वेळ सोसले असते. पण गावात चोर म्हणून नाव झाले असते, तर शाळेत आणि बाजारात तोंड कोठे दाखविणार होतो?

तेवढ्यात गर्दीतून जमादारचाचा पुढे आले. "रोते कायकू, बेटे? हात दिखा," म्हणाले. आम्ही हात पुढे केले. बोटे नेहमीप्रमाणे काळी होती. चाचांनी ती सर्वांना दाखविली आणि वाड्यातल्या मंडळींना विचारले, "देवाखाली कापड कसले असते?" पांढरे, धुतलेले, सोवळ्याचे. "त्यावर डाग आहे?" मनुष्य पाठविला गेला. कापडावर हळदीकुंकवाखेरीज एकही डाग नव्हता. चाचा म्हणाले, "या हातांनी भांडे उचलले असते, तर कापडाने साक्ष दिली असती."

तरीही कोणी तरी कुजबुजले की, पोराने हात पुसले असतील. तेव्हा अमीनसाहेब उठले. कोटाच्या खिशातून त्यांनी पुठ्ठ्याची वही काढली, उघडली आणि उर्दूत वाचून मराठीत सांगितले: "सात अडतीसला अखबार मिळाला. मुलाने वाचन केले. दोन शब्द चुकला. पाणी दिले. सात पंचावन्नला गेला." वाडा गावाच्या एका टोकाला आणि अमीनसाहेबांचे घर दुसऱ्या टोकाला. वाड्यातला अंक आम्ही सातच्या सुमारास, पूजेच्या आधीच टाकलेला होता. वृद्ध बाईंनी साडेसातला भांडे पाहिले असेल, तर ते आमच्या हातून जाणे शक्यच नव्हते. पटेलांनी वहीवरचे आधीचे आणि नंतरचे दिवस ताडून पाहिले. रोजची वेळ, रोजची नोंद. ओसरीवर कोणी बोलेना.

तिसऱ्या दिवशी फुलपात्र सापडले. निर्माल्याच्या परडीत फुलांखाली ते गेले होते आणि परडी ओढ्यावर नेण्यासाठी तुळशीमागे ठेवलेली होती. वाड्यातल्या आजीबाई स्वतः चालत आमच्या घरी आल्या आणि आमच्या आईच्या हातात साखर ठेवली. एजन्सीवाल्यांनीही निरोप पाठविला. चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा गठ्ठा उचलला. अमीनसाहेबांकडे गेलो, तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिले, वहीत टिपले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "वाच."

राहून गेलेली नोंद

ही वही ते का ठेवीत, हे आम्हांला आणखी काही महिन्यांनी कळले. 25 जून 1975 च्या रात्री देशात आणीबाणी पुकारली गेली आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. त्या आठवड्यात एके सकाळी आम्ही अग्रलेख वाचू लागलो, तर अमीनसाहेबांनी हात वर करून थांबविले. "यात काय आहे ते राहू दे," म्हणाले, "यात काय नाही, ते मला माहीत आहे." मग बराच वेळ ते गप्प बसले आणि समोरच्या घरातून चाचांना हाक मारली. त्या दिवशी त्या दोघांनी मिळून जे सांगितले, ते असे.

संस्थानात वृत्तपत्रांवर निर्बंध नवे नव्हते. लक्ष्मणराव फाटकांचे 'निजाम विजय' 1920 पासून हैदराबादेत निघत असे, ते जपून पावले टाकीत. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी आली, की ते नाव बदलून पुन्हा निघे. 1948 च्या उन्हाळ्यात तर शहराचा श्वासच कोंडला होता. ऑगस्टमध्ये 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची भर शहरात हत्या झाली. भारतात विलीन व्हा, असे लिहिल्याची ती शिक्षा होती.

त्याच्या थोडेच आधी अमीनसाहेबांच्या ठाण्याला बाहेरून येणारे बंदी घातलेले अंक जप्त करण्याचा हुकूम आला. एका पहाटे त्यांनी आणि चाचांनी बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाला धरले. त्याच्या पिशवीत इतर अंकांखाली दोन निषिद्ध अंक होते. मुलगा म्हणाला की, गठ्ठा कोणी बांधला ते मला ठाऊक नाही, मला वाचता येत नाही, मी फक्त वाटतो. अमीनसाहेबांना ते खरे वाटले. परंतु वरचा अधिकारी म्हणाला, सध्या रोजनाम्यात लिहू नका. आणि त्यांनी लिहिले नाही. मुलगा तीन रात्री कोठडीत होता. आई ठाण्याच्या दाराशी येऊन विचारी, आणि नोंदच नसल्यामुळे दारावरचा शिपाई तिला सांगे की, असा कोणी मुलगा येथे नाही. चौथ्या दिवशी त्याला सोडले. त्यानंतर तो त्या रस्त्यावर कधी दिसला नाही. पोलीस कारवाईनंतर दोघांनी पुष्कळ शोध केला. मुलगा सापडला नाही, आणि घरही रिकामे होते.

"मी त्याला मारले नाही," अमीनसाहेब म्हणाले, "पण मी त्याला लिहिलेही नाही. ज्याची नोंद नाही, त्याची दाद कोण घेणार?" जमादारचाचा नेहमीप्रमाणे मोठ्याने काही बोलतील असे आम्हांला वाटले. ते जमिनीकडे पाहत बसले होते.

आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. थोरांच्या डोळ्यांत पाणी पाहण्याचा तो पहिला प्रसंग. काय बोलावे ते सुचेना, म्हणून आम्ही अग्रलेख पुढे वाचू लागलो. त्यांनी थांबविले नाही.

शेवटचे पान

1976 च्या जूनमध्ये आम्ही पुढच्या शिक्षणासाठी आदिलाबादला गेलो आणि गठ्ठा दुसऱ्या मुलाकडे गेला. सुट्टीत येणे होई, ओट्यावर बसणे होई. आधी चाचा गेले आणि वर्षाच्या आत अमीनसाहेब. पुढे 1984 साली गावोगावची पटेल-पटवाऱ्यांची पदे आंध्र सरकारने रद्द केली. 2014 साली तेलंगण राज्य झाले, 2016 साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि हमरस्त्याचा क्रमांकही सातचा चव्वेचाळीस झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास 2016 च्या दुरुस्तीने कायद्याची मनाई आहे, आणि ते योग्यच झाले. शाळेच्या वेळी मुलाने शाळेतच असावे. आम्ही आमच्या त्या दिवसांचे गोडवे गातो, ते पोट भरलेल्या वयात. आईने काढून ठेवलेल्या पाटल्या पुन्हा तिच्या हातात दिसल्या नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

या दिवाळीत अमीनसाहेबांच्या नातसुनेने आम्हांला घरी बोलाविले आणि एक जुना पत्र्याचा डबा पुढे ठेवला. आत पुठ्ठ्याच्या नऊ वह्या होत्या. "घरात कोणालाच हे वाचता येत नाही," ती म्हणाली. "टाकवतही नाही. तुम्ही न्या." आम्हांलाही वाचता येत नव्हते. आदिलाबादेत एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी दोन दुपारी बसून आम्हांला त्या वाचून दाखविल्या. पानेच्या पाने त्याच नोंदी: वेळ, पाऊस, कोण आले, कोण गेले आणि ओळीच्या शेवटी एकच शब्द, 'खैरियत'.

जून 1975 च्या शेवटच्या पानावर मात्र वेगळी नोंद होती. तिच्यावर त्या दिवसाची तारीख नव्हती, तर जुन्या दफ्तराप्रमाणे फसली 1357 असे साल घातलेले होते, म्हणजे 1948 चा तो उन्हाळा. "एक मुलगा, वय अंदाजे बारा, अखबार वाटणारा, पहाटे ठाण्यात आणला. गुन्हा आढळत नाही. तीन रात्री ठेवला. आई रोज येऊन गेली. नोंद तेव्हा केली नाही, ती आज केली." खाली सही होती, आणि सहीखाली साक्षीदार म्हणून दुसरी सही, जमादारचाचांची. या नोंदीच्या शेवटी 'खैरियत' हा शब्द नव्हता.

शिक्षकांनी पाने उलटली. एका वर्षानंतरच्या, आम्ही गाव सोडले त्या दिवसाच्या नोंदीशी ते थांबले आणि आमच्याकडे पाहून वाचू लागले: "आजपासून अखबार दुसरा मुलगा आणतो. पहिला शिकण्यास आदिलाबादेस गेला. आता अग्रलेखात एकही शब्द चुकत नाही. वेळ सात चाळीस. खैरियत."